हरलो, तरी एक गुण मिळाला: आइस हॉकीतल्या ओव्हरटाइमचा हिशेब

१० ऑक्टोबर २०२४ ला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये शार्क्स संघाचा हंगामातला पहिला सामना होता. समोर सेंट लुइस ब्लूज. शार्क्सकडून मॅकलिन सेलेब्रिनी हा अठरा वर्षांचा मुलगा एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये पहिल्यांदाच बर्फावर उतरला. त्याने एक गोल केला आणि आणखी एका गोलाला हातभार लावला. शार्क्सने आघाडी घेतली आणि पुढे ती घालवलीही. साठ मिनिटं संपली तेव्हा ४-४ अशी बरोबरी होती. ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, ब्लूजनी पाचवा गोल केला आणि सामना जिंकला.

रडतखडत चाललेल्या संघाच्या अशा पराभवानंतर चाहत्यांत तीन सूर हमखास उमटतात. पहिला म्हणतो, हरलो तरी एक गुण मिळाला, पोरं शेवटपर्यंत लढली. दुसऱ्याला ते अजिबात पटत नाही. त्याच्या मते हातात आलेला सामना घालवला, यात कौतुक कसलं? तिसरा सगळ्यात थंड डोक्याचा. तो म्हणतो, हा हंगाम असाही गेलाच आहे, मग हरलेलंच बरं, पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वरचा नंबर तरी लागेल.

तिघांकडेही आपापलं गणित असतं. पण तिघं एकाच निकालाला वेगवेगळे प्रश्न विचारत असतात, म्हणून वाद मिटत नाही. एकाला गुणतक्त्याची काळजी असते, दुसऱ्याला खेळाच्या दर्जाची, तिसऱ्याला भविष्याची. माझं मत आधीच सांगतो: यातला मधला प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, आणि ओव्हरटाइमच्या निकालातून नेमकं त्याचंच उत्तर मिळत नाही. ते का, हे समजायला गुण कसे वाटले जातात आणि ओव्हरटाइममध्ये बर्फावर काय घडतं, हे नीट पाहावं लागतं.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मैदानी हॉकी येते, म्हणून आधी थोडी ओळख. आइस हॉकीचा रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतो. प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलकीपर एका वेळी बर्फावर असतात. चेंडूऐवजी रबराची जाड चकती असते, तिला पक म्हणतात. वीस मिनिटांचे तीन पिरियड, म्हणजे साठ मिनिटांचा खेळ. खेळाडू साधारण ४०-४५ सेकंद जिवाच्या आकांताने स्केटिंग करतात आणि खेळ चालू असतानाच बाकावर परततात, त्यांच्या जागी दुसरे उतरतात. ही अदलाबदल लक्षात ठेवा, ओव्हरटाइममध्ये तिचं महत्त्व फार वाढतं.

आणि शार्क्स म्हणजे कोण, तेही. सिलिकॉन व्हॅलीच्या मध्यावरचा हा संघ. सनीवेल, सांता क्लारा, फ्रीमाँट या ज्या गावांत आज एवढी मराठी घरं आहेत, त्यांच्या शेजारचाच. १९९१ मध्ये संघ सुरू झाला. दुसऱ्याच हंगामात, १९९२-९३ मध्ये, त्यांनी ८४ पैकी ७१ सामने गमावले. पुढे मात्र दिवस पालटले, आणि वर्षानुवर्षं प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, खेळणारा संघ म्हणून त्यांचं नाव झालं. २०१६ मध्ये ते स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीतही पोचले, तिथे पिट्सबर्गकडून हरले. २०१९ नंतर मात्र उतरती कळा लागली. २०२३-२४ चा हंगाम त्यांनी सलग अकरा पराभवांनी सुरू केला. त्यात लागोपाठच्या दोन सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांनी त्यांच्यावर प्रत्येकी दहा गोल केले. हंगामअखेर ८२ सामन्यांत ४७ गुण आणि शेवटचं स्थान. २०२४-२५ मध्ये सेलेब्रिनी आला तरी ५२ गुण आणि पुन्हा शेवटचं स्थान. या संघाच्या चाहत्याला एका गुणाची किंमत कशी वाटत असेल, याची यावरून कल्पना येईल.

हरणाऱ्याला गुण कशासाठी?

आज एनएचएलमध्ये जिंकणाऱ्याला दोन गुण मिळतात, मग तो साठ मिनिटांत जिंको, ओव्हरटाइममध्ये किंवा शूटआउटमध्ये (त्याबद्दल पुढे सांगतो). साठ मिनिटांत हरणाऱ्याला शून्य. साठ मिनिटांनंतर हरणाऱ्याला मात्र एक.

हे असं का झालं, त्यामागे थोडा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आगगाड्यांच्या वेळा सांभाळाव्या लागत, म्हणून १९४२ मध्ये साखळी सामन्यांतला ओव्हरटाइमच बंद झाला. पुढची चाळीस वर्षं बरोबरी म्हणजे बरोबरी, दोघांना एकेक गुण, आणि घरी. १९८३-८४ पासून पाच मिनिटांचा ओव्हरटाइम परत आला. पहिला गोल होताच सामना संपणार. पण त्यात हरणाऱ्याला काहीच मिळत नसे. मग संघ काय करत? हाती असलेला एक गुण सांभाळत बसत. पाच मिनिटं कोणी पुढे सरकायचं नाही, की संपला सामना.

यावर उतारा म्हणून १९९९-२००० पासून नवा नियम आला. बरोबरी झाली की दोघांचा एकेक गुण पक्का, ओव्हरटाइम फक्त जादाच्या एका गुणासाठी, आणि खेळाडू पाचाऐवजी चार-चार, म्हणजे मोकळी जागा जास्त. पुढे मालक आणि खेळाडूंच्या करारावरून २००४-०५ चा अख्खा हंगाम वाया गेला. त्यानंतर २००५-०६ मध्ये शूटआउट आला आणि बरोबरी कायमची हद्दपार झाली. २०१५-१६ पासून ओव्हरटाइममध्ये तीन-तीन खेळाडू झाले. या प्रत्येक पायरीमागचा हेतू चांगला होता, हे मी मान्य करतो. ओव्हरटाइममधली भीती खरोखरच गेली.

पण ती भीती नाहीशी झाली नाही, ती तिसऱ्या पिरियडमध्ये सरकली.

साठ मिनिटांत निकाल लागला तर त्या सामन्यातून एकूण दोन गुण वाटले जातात. ओव्हरटाइम झाला तर तीन. म्हणजे ५० व्या मिनिटाला २-२ अशी बरोबरी असेल, तर पुढची दहा मिनिटं काहीही न होऊ देणं दोन्ही संघांच्या फायद्याचं. धोका पत्करून पुढे गेलो आणि गोल बसला तर शून्य. सांभाळून राहिलो तर एक नक्की, दुसऱ्याची संधी कायम. समोरचा संघ दुसऱ्या कॉन्फरन्समधला, म्हणजे लीगच्या दुसऱ्या गटातला, असेल तर त्याला गुण मिळाल्याचं फारसं दुःखही नसतं, कारण प्लेऑफच्या जागेसाठी त्याच्याशी आपली स्पर्धाच नसते. चांगल्या चाललेल्या सामन्याची शेवटची दहा मिनिटं अशी गोठलेली पाहणं मला मनापासून खटकतं. तिकीट काढून आलेल्या माणसावर हा अन्याय आहे.

४१ विजय, ४१ पराभव आणि ९६ गुण

एनएचएलच्या गुणतक्त्यात प्रत्येक संघापुढे तीन आकडे असतात: विजय, साठ मिनिटांतले पराभव आणि त्यानंतरचे पराभव. २०२४-२५ मध्ये कॅलगरी फ्लेम्सचे आकडे होते ४१-२७-१४. घाईत वाचलं तर ४१ विजय आणि २७ पराभव दिसतात, म्हणजे दमदार संघ. पण तो तिसरा आकडाही पराभवांचाच आहे. २७ आणि १४ मिळून ४१. कॅलगरी ४१ सामने जिंकली आणि ४१ हरली, बरोबर निम्मे निम्मे. तरीही गुण ९६, कारण चौदा पराभवांनी चौदा गुण दिले.

त्याच हंगामात ब्लूजचे आकडे होते ४४-३०-८. त्यांचेही गुण ९६ च. विजय तीन जास्त, पराभव तीन कमी, पण गुण तेवढेच. प्लेऑफसाठी जागा एकच उरली होती. गुण सारखे झाले की २०१९-२० पासून साठ मिनिटांत कोणी जास्त सामने जिंकले ते पाहतात. त्यात ब्लूज पुढे होते. ते आत गेले, कॅलगरी बाहेर राहिली. ९६ गुण मिळवूनही प्लेऑफ हुकण्याची वेळ त्याआधी बॉस्टन, फ्लोरिडा आणि माँट्रियल यांच्यावरही आली होती, पण कॅलगरीच्या चाहत्यांना त्यात काय समाधान मिळणार!

आता पुन्हा ऑक्टोबरच्या त्या सामन्याकडे पाहा. सॅन होजेमध्ये चर्चा शार्क्सच्या एका गुणाची होत राहिली, पण त्या रात्री ब्लूजनी दोन गुण नेले होते. तिथे ओव्हरटाइममध्ये गोल शार्क्सने केला असता, तर ब्लूजचे हंगामअखेर ९५ गुण झाले असते आणि कॅलगरी प्लेऑफमध्ये गेली असती. हंगामातल्या इतरही कित्येक सामन्यांबद्दल असं म्हणता येईल, हे खरं. तरी आपल्या शेवटच्या नंबरच्या संघाने हजारभर मैलांवरच्या दुसऱ्या कोणाचा हंगाम ठरवला, ही गोष्ट गुणतक्त्याच्या तळाशी पाहत बसलेल्या चाहत्याच्या सहसा लक्षात येत नाही. तळाच्या संघाने ओव्हरटाइममध्ये सोडलेला गुण त्याच्या स्वतःसाठी क्षुल्लक असतो, पण तो ज्याला मिळतो त्याच्यासाठी क्षुल्लक नसतो.

शार्क्सचे त्या हंगामाचे आकडे २०-५०-१२. म्हणजे ६२ पराभव. एकूण ५२ गुणांपैकी १२ हरून मिळालेले, जवळजवळ पाव हिस्सा. ‘एक गुण तरी मिळाला’ म्हणणाऱ्याला मी हा हिशेब दाखवीन. वाईट संघाच्या गुणांत या एकेका गुणाचं प्रमाण मोठं असतं, आणि त्यामुळे तो आहे त्यापेक्षा जरा बरा वाटू लागतो.

तिघांचा खेळ निराळाच

समजा एखादी कसोटी पाच दिवस रंगली, शेवटी धावा सारख्या झाल्या आणि निकाल सुपर ओव्हरवर लावला, तर त्या सहा चेंडूंवरून कसोटीतला दर्जा कोणी ठरवील का? तीन-तीन खेळाडूंचा ओव्हरटाइम बराचसा तसा आहे. तो पाहायला सुंदर असतो, यात वाद नाही. पण तो दुसराच खेळ आहे.

दहाऐवजी सहा खेळाडू त्याच २०० बाय ८५ फुटांत. साठ मिनिटांच्या खेळात जागा मिळवण्यासाठी कोपऱ्यांत धक्काबुक्की करावी लागते, रिंकच्या कडेच्या कुंपणाला चिकटलेला पक उकरून काढावा लागतो, चौथ्या तुकडीचे कष्टाळू खेळाडू दहा-दहा मिनिटं प्रतिस्पर्ध्याला दमवतात. ओव्हरटाइममध्ये यातलं काहीच लागत नाही. तिथे महत्त्व पक ताब्यात ठेवण्याला. फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांमध्ये पक टाकतात तो) जिंकला की पक आपला, आणि तो आपल्याकडे आहे तोवर समोरच्याला गोल करताच येत नाही. म्हणून संघ घाईने शॉट मारत नाहीत. मनासारखी जागा मिळाली नाही तर पक घेऊन सरळ मागे फिरतात, अगदी आपल्या गोलपर्यंत, आणि पुन्हा सुरुवात करतात. काही चाहत्यांना हे कंटाळवाणं वाटतं, पण त्यामागे साधं शहाणपण आहे. शॉट चुकला आणि पक कडेच्या कुंपणावर आपटून समोरच्याच्या स्टिकवर गेला, तर तुमचे दोघं पुढे अडकलेले असतात आणि समोरचे दोघं जण मागे उरलेल्या एकट्या बचावपटूवर चाल करून येतात. ओव्हरटाइमचे कितीतरी गोल असेच होतात: इकडे संधी हुकते आणि तिकडे गोल बसतो. अशा वेळी ज्याचा शॉट हुकला त्याला शिव्या घालणं सोपं असतं, पण बहुतेक वेळा तो शॉट घेण्याचा निर्णय बरोबरच असतो.

दुसरी गोष्ट अदलाबदलीची. ओव्हरटाइमला संघ बाजू बदलतात, त्यामुळे आपला बाक आपल्या गोलपासून लांब पडतो. बचाव करताना दमलेला खेळाडू बाकापर्यंत पोचूच शकत नाही. समोरचा संघ पक फिरवत राहतो, एकेक करून ताजे खेळाडू आणतो, आणि तुमचे तिघं मिनिटभर, दीड मिनिट तिथेच अडकतात. पाय जड झाले की अर्ध्या पावलाचा उशीर होतो, आणि त्या अर्ध्या पावलात गोल होतो. टीव्हीवर पाहताना आपल्याला शेवटचा पास आणि शेवटचा शॉट दिसतो. पराभव मात्र चाळीस सेकंद आधी, अदलाबदल हुकली तिथेच ठरलेला असतो.

तिसरी गोष्ट पेनल्टीची. एरवी नियम मोडणारा काही वेळ बाहेर बसतो आणि त्याचा संघ एकाने कमी होतो. पण बर्फावर संघात तीनपेक्षा कमी खेळाडू ठेवता येत नाहीत, म्हणून ओव्हरटाइममध्ये एकाने चूक केली की समोरच्याला चौथा खेळाडू मिळतो. चारांसमोर तिघं, तेही एवढ्या मोकळ्या बर्फावर. रेफ्री त्या पाच मिनिटांत शिट्टी वाजवायला का कचरतात, हे यावरून कळेल.

आणि एक बारीक नियम, जो खूप चाहत्यांना माहीत नसतो. ओव्हरटाइममध्ये कोचने गोलकीपर काढून चौथा खेळाडू उतरवला आणि त्या रिकाम्या गोलमध्ये पक गेला, तर साठ मिनिटांनंतर पक्का झालेला तो एक गुणही जातो. म्हणून हे धाडस क्वचितच कोणी करतं. मार्च २०२४ मध्ये मिनेसोटा वाइल्डने व्हेगसविरुद्ध ते केलं आणि जिंकले, कारण प्लेऑफच्या शर्यतीत मागे पडलेल्या त्यांच्यासाठी एक गुण पुरेसा नव्हता.

हे सगळं एकत्र पाहिलं की एक गोष्ट उघड होते. ओव्हरटाइममध्ये संघातले सर्वोत्तम असे मोजकेच जण खेळतात, बाकीचे बाकावर बसून पाहतात. त्यामुळे सगळ्या तुकड्या भक्कम असलेल्या संघाचा फायदा कमी होतो आणि ज्याच्याकडे एखाददुसरा अफाट खेळाडू आहे त्याचा वाढतो. तळाचा संघही तिथे बलाढ्य संघाला हरवू शकतो. शार्क्सनी २०२४-२५ चे पहिले नऊ सामने गमावले आणि पहिला विजय मिळवला तो यूटाविरुद्ध, मागे पडल्यावर, ५-४ असा, ओव्हरटाइममध्येच. त्या रात्री संघ अचानक चांगला झाला नव्हता, तसाच ब्लूजविरुद्ध ओव्हरटाइममध्ये हरला तेव्हा वाईटही झाला नव्हता.

पाच मिनिटांत गोल झाला नाही तर शूटआउट. प्रत्येकी तीन खेळाडू एकेकटे पक घेऊन गोलकीपरवर चाल करतात. याला मी नाणेफेकीच्या फार वर मानत नाही. २०१० मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क रेंजर्स एकमेकांसमोर आले, जिंकेल तो प्लेऑफमध्ये. शूटआउटमध्ये फिलाडेल्फियाने २-१ अशी बाजी मारली, एका गुणाने पुढे गेले आणि थेट स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीपर्यंत पोचले. रेंजर्सचा हंगाम त्या एका शॉटवर संपला.

प्लेऑफमध्ये यातलं काहीच नसतं. तिथे पाच-पाच खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे पिरियड, गोल होईपर्यंत. १९३६ मध्ये डेट्रॉइट आणि माँट्रियल मरून्स यांचा ओव्हरटाइम तब्बल ११६ मिनिटं ३० सेकंद चालला, तेव्हा कुठे मड ब्रुनेटोचा गोल झाला. शार्क्सच्या चाहत्यांची सर्वांत लाडकी आठवणही अशाच ओव्हरटाइमची आहे. २०१९ मध्ये व्हेगसविरुद्धच्या मालिकेतल्या निर्णायक सातव्या सामन्यात ०-३ असे मागे असताना त्यांनी एकाच मोठ्या पेनल्टीच्या पाच मिनिटांत चार गोल केले, व्हेगसने बरोबरी साधली आणि अखेर बार्कले गुडरोच्या गोलने शार्क्सनी सामना जिंकला. तो ओव्हरटाइम साठ मिनिटांच्या खेळाचाच पुढचा भाग होता, त्यामुळे त्याचा निकाल त्या खेळाबद्दल काही सांगत होता. ब्लूजनाही हा फरक लवकरच कळला. मे २०२५ मध्ये विनिपेगविरुद्धच्या सातव्या सामन्यात दोन सेकंदही उरलेले नसताना त्यांच्यावर बरोबरीचा गोल झाला, आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ते हरले. तिथे हरणाऱ्याला कुठलाच गुण नव्हता.

मग अशा पराभवाकडे पाहायचं कसं?

ओव्हरटाइमचा गोल क्षणभर बाजूला ठेवा आणि ६० व्या मिनिटापर्यंत काय झालं ते पाहा. शेवटच्या मिनिटांत मागे असताना बरोबरी साधली असेल, तर तो गुण कमावलेला आहे. आघाडी घालवून बरोबरी झाली असेल, तर एक गुण मिळाला नाही, एक गुण घालवला. गुणतक्त्यात दोन्हींची नोंद सारखीच होते, म्हणून ही माहिती आपल्यालाच जपावी लागते. ब्लूजविरुद्धची ती रात्र दुसऱ्या प्रकारातली होती, आणि ‘हातातला सामना घालवला’ म्हणणाऱ्या चाहत्याशी मी त्या बाबतीत सहमत आहे.

त्यापुढे, पाच विरुद्ध पाच खेळताना कोणाचं वर्चस्व होतं? इथे निव्वळ शॉट मोजून भागत नाही. कोपऱ्यातून मारलेले तीस शॉट आणि गोलसमोरून मारलेले दहा, यांत दहांचं पारडं जड असतं. म्हणून आता अपेक्षित गोल नावाचं माप वापरतात. शॉट कुठून मारला, कोणत्या कोनातून, कोणत्या प्रकारचा, यावरून तशा शॉटचा गोल होण्याची शक्यता काढतात आणि सगळ्या शॉटच्या शक्यतांची बेरीज करतात. एका सामन्यात हे माप फसवं ठरू शकतं, कारण गोलकीपर त्या रात्री असामान्य खेळलेला असतो किंवा पक कोणाच्या तरी स्केटला लागून आत जातो. पण दहा-पंधरा सामने सलग पाहिले की संघ कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं. लागोपाठ ओव्हरटाइममध्ये हरणारा, पण साठ मिनिटांत बरोबरीने खेळणारा संघ सुधारतो आहे असं मी धरतो. गोलकीपरने चाळीस शॉट अडवले म्हणून कसाबसा ओव्हरटाइमपर्यंत पोचणारा संघ सुधारत नसतो, त्याचा गोलकीपर चांगला असतो.

वाईट संघ आघाडी का घालवतात, यालाही कारण आहे. आघाडीवर असलेला संघ मागे सरकतो, पक नुसता बाहेर फेकतो, आणि तो लगेच परत येतो. अनुभवी बचावपटू अशा वेळी दोन सेकंद पक ताब्यात ठेवून नीट पास देतो. पुनर्बांधणीतल्या संघात हेच लोक नसतात, कारण त्यांना विकूनच ड्राफ्टचे नंबर गोळा केलेले असतात. तरुण खेळाडूला हे शिकायला हरावंच लागतं. या बाबतीत ‘पोरं लढली’ म्हणणाऱ्याचंही मला पटतं, पण एका अटीवर: लढाईच्या शेवटी त्याच चुका दर वेळी दिसता कामा नयेत. सेलेब्रिनीने पहिल्या हंगामात, दुखापतीने काही सामने हुकूनही, ७० सामन्यांत २५ गोल आणि ३८ साहाय्यं केली. त्या अठरा वर्षांच्या मुलाने अटीतटीच्या क्षणी पक मागितला, यापेक्षा जास्त त्याच्याकडून काय मागायचं?

आता तिसरा, भविष्याकडे डोळे लावलेला चाहता. ड्राफ्टमधले वरचे नंबर ठरवायला प्लेऑफ हुकलेल्या सोळा संघांची लॉटरी होते. शेवटच्या संघाला पहिला नंबर मिळण्याची शक्यता २५.५ टक्के असते, आणि नशीब कितीही फिरलं तरी तो तिसऱ्या नंबराच्या खाली जात नाही. २०२४ मध्ये शार्क्सना याच मार्गाने सेलेब्रिनी मिळाला. २०२५ मध्ये ते पुन्हा शेवटचे होते, पण पहिला नंबर ३.५ टक्केच शक्यता असलेल्या न्यूयॉर्क आयलँडर्सना लागला आणि शार्क्सना दुसरा. म्हणजे सगळ्यात वाईट संघालाही चारांतल्या तीन वेळा पहिला नंबर मिळत नाही.

आणि हरून मिळालेल्या त्या बारा गुणांनी काय बिघडवलं? काहीच नाही. त्या हंगामात शेवटून दुसऱ्या शिकागोचे ६१ गुण होते, शार्क्सपेक्षा नऊ जास्त. ओव्हरटाइममधला प्रत्येक गुण ड्राफ्टच्या भीतीने मोजणाऱ्याने हा फरक पाहावा. तळाला एक-दोन गुणांचीच चुरस असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही खेळाडू बर्फावर हरायला उतरत नाहीत. त्यांचा पुढचा करार, त्यांची संघातली जागा त्या रात्रीच्या खेळावर ठरते. कमकुवत संघ बांधणं हा व्यवस्थापनाचा निर्णय असतो, तो उन्हाळ्यातच झालेला असतो. त्यासाठी जानेवारीतल्या एखाद्या रात्री आपल्याच मुलांनी हरावं अशी इच्छा धरायला माझं मन तयार होत नाही.

राहता राहिला नियमाचा प्रश्न. यावर तोडगा आहे आणि तो वापरातही आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत, स्वीडन, फिनलंड आणि जर्मनीच्या लीगमध्ये आणि २०२४ पासून महिलांच्या पीडब्ल्यूएचएल या लीगमध्येही साठ मिनिटांत जिंकणाऱ्याला तीन गुण मिळतात, ओव्हरटाइम किंवा शूटआउटमध्ये जिंकणाऱ्याला दोन, तिथे हरणाऱ्याला एक आणि साठ मिनिटांत हरणाऱ्याला शून्य. प्रत्येक सामन्यातून तीनच गुण वाटले जातात, कमी नाहीत की जास्त नाहीत. बरोबरी धरून बसणाऱ्याचा तिसरा गुण बुडतो, म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत पुढे जाण्याला कारण मिळतं. एनएचएलने स्वतः फेब्रुवारी २०२५ च्या चार देशांच्या स्पर्धेत हीच पद्धत वापरली.

मग साखळी सामन्यांत ती का आणत नाहीत? मुख्य कारण असं की सध्याच्या पद्धतीत गुणतक्ता घट्ट राहतो. मार्च उजाडला तरी दहा-बारा संघ शर्यतीत असल्यासारखे दिसतात आणि तिकिटं विकली जातात. ४१ जिंकलेल्या आणि ४१ हरलेल्या संघाला ९६ गुणांचा तक्ता दाखवता येतो, व्यवस्थापकाला मालकासमोर मान वर करून उभं राहता येतं. जुन्या विक्रमांशी तुलना बिघडेल, असंही सांगितलं जातं. पण १९९९ पासून ती बिघडलेलीच आहे, कारण तेव्हापासून प्रत्येक संघाच्या गुणांत पराभवांचे गुण मिसळलेले आहेत. तीन गुणांची पद्धत आली तर शार्क्ससारख्या संघाचे पराभव कमी होणार नाहीत. पण ५५ व्या मिनिटाला बरोबरी असताना त्यांच्या कोचला सेलेब्रिनीला बचावासाठी मागे ठेवण्याऐवजी गोल करायला पुढे पाठवावं लागेल, आणि तो सामना त्याच मुलाच्या स्टिकवर साठ मिनिटांच्या आत जिंकला किंवा हरला जाईल.